सिनेमा संपल्यानंतरचा तास

२०२५च्या फेब्रुवारीत दादाने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. कराडमधल्या एका थिएटरबाहेर नववीची मुलं रांगेत उभी, कपाळावर चंद्रकोर, काहींच्या हातात भगवे झेंडे. दादा इतिहास शिकवतो. शाळेने मुलांना संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ सिनेमा दाखवायला नेलं होतं आणि त्यांत माझा भाचाही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा निरोप आला. “रात्रभर पोरगं झोपलं नाही. डोळे मिटले की शेवटचा तो भाग दिसतो म्हणतो. एवढ्या मुलांना हे कशाला दाखवायचं?” दादाचं उत्तर लगेच आलं. “महाराजांनी काय सोसलं ते मुलांना कळायला नको? पुस्तकात आपण चार ओळींत उरकतो.”

दोघांचंही मला पटत होतं. मी एवढंच विचारलं, “मग दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात काय म्हणाली?”

“वर्गात कधी बोलणार? सराव परीक्षा सुरू झाली.”

आम्ही इंग्लंडात वॉल्टन-ऑन-टेम्सला राहतो. माझ्या लेकीने दहावीच्या बरोबरीच्या जीसीएसई परीक्षेसाठी फिल्म स्टडीज हा विषय घेतला आहे. त्याच महिन्यात तिला एक गृहपाठ होता. एखाद्या सिनेमातला एक तुकडा निवडायचा, तीन वेगवेगळ्या वयांच्या माणसांना दाखवायचा, आधी काहीही सांगायचं नाही. ती कुठे हसतात, कुठे नजर वळवतात, कुठे शेजारच्याशी बोलतात, ते गुपचूप टिपून ठेवायचं आणि मग कारण विचारायचं.

तिने ‘फँड्री’चा शेवटचा भाग निवडला. बघायला तिघी: मी, तेव्हा आमच्याकडे आलेली माझी आई, आणि लेकीची वर्गातली मैत्रीण. मैत्रिणीचे आईवडील नायजेरियातून इकडे आलेले. तिला मराठीचा गंध नाही, ती खालची इंग्रजी वाचत होती.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा २०१४ साली महाराष्ट्रात लागला. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्या हा त्यातला कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. शेवटी त्याचं अख्खं कुटुंब गावाच्या डुकरांमागे धावतं आणि गाव कडेला उभं राहून खिदळतं. जिच्यावर जब्याचा जीव जडलेला असतो ती शालूही त्या हसणाऱ्यांत असते. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि हाती आलेलं डुक्कर निसटतं.

इथे माझ्या आईने चहाचा कप खाली ठेवला आणि सोफ्याच्या दांडीला धरून उठायला लागली. तिचे गुडघे दुखतात, उठायला वेळ लागतो. ती उभी राहीपर्यंत गीत संपत आलं होतं. मैत्रीण आधी पडद्यावरच्या प्रसंगाला हसली होती. आजी उठलेली बघून तिचं हसू थांबलं. पुढे डुक्कर काठीला उलटं टांगून नेतात ते शाळेच्या भिंतीवरून. त्या भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र आहे, जोतिबा-सावित्रीबाईंचं आहे. ते कोण हे त्या मुलीला माहीत असायचं कारणच नव्हतं. पण ती म्हणाली, “कॅमेरा त्या भिंतीपाशी रेंगाळतोय. म्हणजे ती मोठी माणसं असणार. ती बघतायत.”

आणि अगदी शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्या अंगावर. पडदा काळा होतो.

लेकीच्या वहीत माझ्या नावापुढे एकच ओळ होती: दगड आला तेव्हा आईने मान खाली घातली. कारण काय?

ते कारण मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. आमच्या गावात ओढ्यापलीकडे अशी वस्ती होती. यात्रेच्या आधी त्या माणसांना डुकरं धरायला लावायचे आणि आम्ही पोरंपोरी वेशीपाशी उभं राहून बघायचो. हसायचो. मी नऊ-दहा वर्षांची असेन. शालू जिथे उभी आहे तिथेच मी उभी होते. ते मी त्या रात्री माझ्या लेकीला सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “त्यांची पोरं तुझ्याच वर्गात होती की. मागं बसायची.” त्यातल्या एकाचंही नाव मला आठवेना. हे बोलणं आमच्या घरात एका गृहपाठामुळे झालं.

पुढच्या तासाला लेकीच्या बाईंनी वर्गाला स्टुअर्ट हॉल हे माध्यमांचे अभ्यासक सांगितले. जमैकात जन्मलेले हॉल १९५१ साली ऑक्सफर्डला शिकायला आले आणि पुढे इथेच राहिले. १९७३ साली त्यांनी मांडलेलं म्हणणं थोडक्यात असं: करणारा आपल्या कृतीत एक अर्थ भरतो, पण बघणारा तो जसाच्या तसा उचलेलच असं नाही. कुणी तो पुरता मान्य करतो, कुणी आपल्या अनुभवाची मुरड घालून घेतो, आणि कुणाला तो नीट कळतो म्हणूनच तो नाकारतो. पंधरा वर्षांच्या मुलांना हे समजतं, कारण प्रत्येकाच्या वहीत तीन माणसांची नोंद असते.

इथल्या शाळेचं कौतुक एवढ्यावर थांबवते, कारण दुसरी बाजूही मी बघितली आहे. याच वर्गाला डॅनी बॉयल यांचा ‘स्लमडॉग मिलियनेअर’ शिकवला. २००८चा सिनेमा, आठ ऑस्कर मिळवलेला. वाटलेल्या टिपणात पहिला शब्द होता ‘गरिबी’. धारावीतला कुंभारवाडा, चामड्याची कारागिरी, तिथे उभे राहिलेले धंदे, यांचा मागमूस नाही. एका मुलाने लेकीला विचारलं, “तुझी आजी असल्याच ठिकाणी राहते का?” त्याच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता, त्याने भारत तेवढाच पाहिला होता. नावातल्या ‘डॉग’वरून २००९ साली भारतात निदर्शनं झाली होती, ‘आम्ही कुत्रे नाही’ असे फलक झोपडपट्टीतल्या माणसांनीच धरले होते, हे टिपणात नव्हतं. ते लेकीने वर्गात उभं राहून सांगितलं. शिवाय परीक्षा म्हटली की इथेही साचा आहेच: मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण, पुढचा परिच्छेद. आणि ‘सिनेमा बघून मार्क मिळवतात’ असं या विषयाला हिणवणारे पालक इथेही पुष्कळ भेटतात.

पण तास होतो. सिनेमा संपल्यावर मुलांना बोलायला एक जागा असते. आपल्याकडचे वाद मी इथून वाचते तेव्हा नेमकी तीच जागा मला दिसत नाही. ‘छावा’च्या जाहिरातीत महाराज लेझीम खेळताना दिसले. आक्षेप आले आणि प्रदर्शनाआधीच ते दृश्य काढून टाकलं. ज्यांना ते खटकलं त्यांच्या भावना खऱ्या होत्या, आणि ज्यांना राजा आपल्या माणसांत नाचताना बघून आपलासा वाटला त्यांच्याही खऱ्या होत्या. नववीच्या वर्गाला दोन दिवस पुरेल असा हा विषय. राजाचं चित्र रंगवायचा हक्क कुणाचा, कादंबरी आणि बखर यांत फरक काय? दृश्यच गेलं, प्रश्नही गेला. २०२२ साली ठाण्यात एका ऐतिहासिक सिनेमाचा चालू खेळ थांबवला गेला, तेव्हाही हेच झालं. एक तर सिनेमा बंद पाडायचा, नाही तर बस भरभरून मुलांना न्यायचं. दोन्हीकडे मुलाने गप्पच बसायचं असतं.

आणि सिनेमा काय करतो ते आपण २०२५च्या मार्चमध्ये बघितलं. ‘छावा’नंतर मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात मुघलांचा खजिना पुरलाय अशी अफवा उठली आणि लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खणायला लागले. मला त्या माणसांना हसावंसं वाटत नाही. पडद्यावर डोळ्यांनी पाहिलेलं खरं मानायचं, हेच त्यांना आयुष्यभर शिकवलं गेलं. त्याच महिन्यात नागपुरात दंगल झाली. या सिनेमानंतर औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उफाळून आला आहे, असं मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. सिनेमात एवढी ताकद आहे हे सरकार मान्य करतं, तर त्या ताकदीची ओळख करून देणारा धडा शाळेत का नको?

हे परक्याकडून उसनं आणायचं आहे असं मला वाटत नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरतमुनी प्रयोग यशस्वी झाला हे ओळखायच्या खुणा सांगतात, आणि त्या सगळ्या प्रेक्षकांत शोधतात. कोण स्मित करतं, कोण मोठ्याने हसतं, कोण ‘अहो’ म्हणतं, कुणाच्या अंगावर काटा येतो, कोण जागेवरून उठतं. माझ्या लेकीचा गृहपाठ याहून वेगळा काय होता! आम्ही राहतो त्या वॉल्टनला १९१२ साली सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत दादासाहेब फाळके सिनेमाची विद्या शिकून गेले. पुढे १९१७ साली त्यांनी सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारा छोटा मूकपट काढला. देवादिकांचे चमत्कार पडद्यावर दाखवणाऱ्या माणसानेच ते कसे केले हेही लोकांसमोर मांडलं. त्या विश्वासाचं मला फार मोल वाटतं.

आपल्या दहावीच्या मराठीत कवितेचं रसग्रहण आहे, स्वमत आहे, जाहिरातलेखन आणि बातमीलेखनही आहे. मुलं जाहिरात लिहायला शिकतात. ती आपल्याला कुठे चुचकारते, हे ओळखायला मात्र कुणी शिकवत नाही. स्वमतही गाईडमध्ये छापलेलं मिळतं. मी हे दादाला फोनवर सांगितलं, तेव्हा तो चिडला. “इथे पन्नास पोरांचा वर्ग आहे, प्रोजेक्टर महिनाभर बंद आहे, आणि पालक संध्याकाळी गेटवर येतात. एखाद्याने भलतं काही बोललं तर निस्तरणार कोण? तू तिथून बोलतेस.” त्याचं खरं आहे. चुकीचं बोललेलं मूल माझ्या लेकीच्या वर्गात फार तर कमी गुण घेईल. दादाच्या वर्गातल्या मुलाचा व्हिडिओ रात्रीपर्यंत तालुकाभर फिरेल. मुलांना बोलायला सांगायचं तर आधी शिक्षकाच्या पाठीशी उभं राहणारं कुणीतरी लागेल. मुख्याध्यापक, संस्था, गाव. हे मला इथे बसून सुचलं नव्हतं.

त्याने फोन ठेवला नाही, मात्र. म्हणाला, नववी-दहावीला ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ असा विषय आहे आपल्याकडे, पुस्तकसुद्धा आहे. त्याच्या शाळेत त्या तासाला गणित घेतात. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हाचा एक तास मागून बघतो, म्हणाला. ‘छावा’ नको, अजून तापलेलं आहे. आधी एखादी साबणाची जाहिरात घेऊ.

मागून भाच्याचा आवाज आला. त्याला माझ्याशी बोलायचं होतं. “आत्या, थिएटरात सगळे घोषणा देत होते ना, तेव्हा मी पण देत होतो. आणि मला रडायला येत होतं. दोन्ही एकदम कसं काय होतं?”

मी त्याला सांगितलं, हे वहीत लिहून ठेव, शनिवारी वर्गात विचार.