डब्याला खुर्ची, मला टोकन

"आप कौन?" मान वर न करता विचारलं बँकेच्या मॅनेजरनं. १९ वर्षं त्याच ब्रँचला खातं हाय माझं, सीसीच्या, म्हणजे धंद्याच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या रिन्यूअलची फाईल घेऊन गेलतो आज, आणि साहेब स्क्रीनकडं बघत विचारालाय आप कौन. नाव सांगितलं तर नाव नको, कस्टमर आयडी सांगा. आयडी काय कपाळावर गोंदवून घेऊ? पासबुक काढेपर्यंत मागच्याला बोलावलं की! मी उभाच. समोरची खुर्ची रिकामी होती म्हणावं तर तिच्यावर साहेबाचा जेवणाचा डबा. टोकन घेऊन या म्हणे.

सहा वर्षांत हा चौथा मॅनेजर. आधी एक होते, ते कन्नडमधनं बोलायचे, मी मराठीतनं, काय अडलं नाही कधी. बेळगावात उद्यमबागेत माझ्या शेडवर यायचे, लेथशेजारी उभं राहून चहा प्यायचे आणि बोरिंगचा, म्हणजे लेथवरच्या लोखंडी किसाचा ढीग बघून म्हणायचे, ह्या महिन्यात काम कमी दिसतंय. आता स्टॉक स्टेटमेंट ईमेलवर पायजे, एक दिवस उशीर झाला की पिनल चार्जेस.

आणि गिऱ्हाईक पार्टीकडनं येणाऱ्या पैशाचं तर विचारूच नका. ४५ दिवसांत पेमेंट द्यायचा कायदा २००६ पासनं हाय, पार्टी देती ११० दिवसांनी, आणि बँक ९० दिवसांवरचं येणं डीपीतनं, म्हणजे खात्यातनं किती उचलता येतंय त्या मर्यादेतनं, उडवून मोकळी. पार्टीनं बुडवलेलं नाही, खरं बँकेनं बुडालंच म्हणून धरलंय. पोराच्या मोबाईलचा एक हप्ता बाऊन्स झाला तर सिबिल पडलं, १९ वर्षं व्याज थकवलं नाही ते कुठल्या स्क्रीनवर दिसत नाही वाटतं. मार्च एंडिंगला पॉलिसी गळ्यात मारताना बरं काका काका करत येतात, तेव्हा आयडी लागत नाही.

शेवटी सुटलंच तोंड. आख्खी ब्रँच वळून बघाय लागली. "आत्ताच्या आत्ता खातं बंद करतो, आमची क्रेडिट सोसायटी बरी!" एवढं म्हटलं आणि सोसायटीचं व्याज आठवलं, आवाज आपोआप खाली आला. तरी तणतणत बाहेर पडलो, गाडीवर बसलो तर हेल्मेट आतच.

परत गेलो. डब्याशेजारीच होतं. साहेबानं उचलून हातात दिलं, पहिल्यांदा तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "फाईल भी रह गयी आपकी."

टोकन ४७ मिळालं. चालू होतं १२.