चारचा प्रभाग, एकाचा वॉर्ड आणि बिचारं बर्मिंगहॅम

महापालिकांच्या निवडणुका १५ जानेवारी २०२६ला एकदाच्या झाल्या, पण चार सदस्यांच्या प्रभागावरचं भांडण काही मिटत नाही. त्या भांडणात एक वाक्य ठरलेलं असतं: 'इंग्लंडमध्ये बघा, एका वॉर्डाला एक नगरसेवक, म्हणून तिथे जाब विचारता येतो.' इंग्लंडचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसतो, असा एक समज आपल्याकडे अजून टिकून आहे. इथे इंग्लंडमध्ये राहणारा माणूस मात्र गप्प बसू शकत नाही, कारण हे वाक्य साफ चुकीचं आहे.

मँचेस्टरमध्ये ३२ वॉर्ड आणि ९६ नगरसेवक आहेत. लीड्समध्ये ३३ वॉर्ड आणि ९९ नगरसेवक. म्हणजे वॉर्डामागे तीन. लंडनच्या 'बरो' म्हणजे स्थानिक नगरपालिकांमध्येही बहुतेक वॉर्ड तीन किंवा दोन सदस्यांचेच आहेत. बर्मिंगहॅममध्ये २०१८पर्यंत ४० वॉर्ड होते आणि प्रत्येकी तीन, असे १२० नगरसेवक. बहुसदस्य वॉर्ड हा इथला जुना नेम आहे, पुण्याच्या कोणा नेत्याने लावलेला शोध नव्हे.

फरक आहे तो मत कसं देतात त्यात, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. पुण्यात प्रभागातल्या जागा अ, ब, क, ड अशा वेगळ्या असतात. प्रत्येक जागेची लढत वेगळी, आरक्षण वेगळं, आणि चारही जागांसाठी बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. हवं तर 'नोटा' दाबा, पण दाबा. बर्मिंगहॅममध्ये सगळ्या उमेदवारांची एकच कागदी यादी असते, आडनावाच्या वर्णानुक्रमाने. दोन जागा असतील तर जास्तीत जास्त दोन फुल्या मारायच्या. एकच मारली तरी मत वैध, तीन मारल्या तर अख्खी मतपत्रिका बाद. सर्वाधिक मतं मिळवणारे पहिले दोघे निवडून येतात. त्यामुळे एकाच पक्षाचे दोघे एकमेकांचेही प्रतिस्पर्धी ठरतात, आणि ए किंवा बीने सुरू होणारं आडनाव असलेला बऱ्याचदा आपल्याच जोडीदारापेक्षा शे-दोनशे मतांनी पुढे असतो. आपल्याकडे 'पॅनल टू पॅनल', म्हणजे चारही मतं एकाच पक्षाला, मागण्याची सोय मतपत्रिकेतच आहे, इथे पॅनल मतदाराच्या मर्जीवर.

या पद्धतीची मतमोजणी वेळखाऊ असते. आधी मतपेटीतल्या कागदांचा आकडा जुळवायचा. मग सगळ्या फुल्या एकाच पक्षाला दिलेल्या मतपत्रिका बाजूला काढून त्यांचे गठ्ठे बांधायचे. उरतात मिसळीची मतं: एक फुली लेबर पक्षाला, एक ग्रीन पक्षाला. ती एका मोठ्या तक्त्यावर एकावर एक अशी लावतात की प्रत्येकीची फक्त फुलीची बाजू दिसावी, आणि मग उमेदवारागणिक फुल्या मोजायच्या. त्या तक्त्याला मोजणीवाले 'ग्रास स्कर्ट' म्हणतात. एक मतपत्रिका तिरकी लागली की बेरीज चुकते आणि सगळं पुन्हा. ईव्हीएमची चेष्टा करणाऱ्यांनी इथल्या निवडणुकांच्या मे महिन्यात एकदा हे बघावं.

बर्मिंगहॅमचा खरा रोग निराळा होता, आणि तो वॉर्डात तीन नगरसेवक असण्याचा नव्हता. नगरसेवकाची मुदत चार वर्षं, पण निवडणूक चारपैकी तीन वर्षं. दर मे महिन्यात प्रत्येक वॉर्डातल्या तिघांपैकी एक जण मतदारांपुढे जायचा, चौथं वर्ष सुट्टीचं. १२०पैकी ४० जागा दरवेळी. मुळात १८३५च्या कायद्याने नगरसेवकाला तीन वर्षांची मुदत देऊन दरवर्षी एक तृतीयांश जणांना निवृत्त करण्याचा पायंडा पाडला, त्याचाच हा वारस. हेतू चांगला होता: मतदाराचा हात सतत कारभाऱ्याच्या कॉलरवर. प्रत्यक्षात काय झालं? १९७६ ते १९८४ या काळात बहुमताने पाच वेळा कूस बदलली. १९७६ला कॉन्झर्व्हेटिव्ह, १९७९ला त्रिशंकू, १९८०ला लेबर, १९८२ला पुन्हा कॉन्झर्व्हेटिव्ह, १९८४ला पुन्हा लेबर. मग लेबर बसले ते थेट २००३पर्यंत.

हे जुने निकाल वाचताना भलेभले फसतात. 'या वर्षी अमुक पक्षाने आठ जागा कमावल्या' याचा अर्थ गेल्या वर्षीच्या तुलनेत नव्हे, त्याच जागा चार वर्षांपूर्वी लढवल्या गेल्या तेव्हाच्या तुलनेत. आणि सीमा बदलून सगळ्या जागा एकदम लढवल्या की वॉर्डात पहिला आलेला पूर्ण मुदत घेतो, तिसरा आलेला सर्वांत आधी पुन्हा मैदानात. २००४ला बर्मिंगहॅममध्ये असंच झालं. लेबर सर्वांत मोठा पक्ष राहूनही कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट यांनी मिळून सत्ता घेतली आणि २०१२पर्यंत चालवली.

२००४चं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो, कारण 'तिकडे मतं विकत घेत नाहीत' हे दुसरं ठरलेलं वाक्य. तेव्हा कारण न देता, नुसतं मागून टपाली मत मिळायचं आणि ओळखीची तपासणी जवळजवळ नव्हतीच. अ‍ॅस्टन आणि बोर्ड्स्ली ग्रीन या दोन वॉर्डांत टपाली मतांचा घाऊक घोटाळा झाला. एप्रिल २००५मध्ये निवडणूक न्यायालयाचे न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी दोन्ही निवडणुका रद्द केल्या आणि हा पुरावा 'बनाना रिपब्लिक'लाही लाजवेल असं निकालात लिहिलं. दोषी ठरलेल्या सहा लेबर नगरसेवकांपैकी एकाला पुढे अपिलात न्याय मिळाला. घोटाळ्यात अडकलेली नावं दक्षिण आशियाई होती, हे इथले लोक सौजन्याने बोलून दाखवत नाहीत आणि आपण मुद्दाम विसरतो. पुढच्याच वर्षी कायदा बदलला, टपाली मतासोबत सही आणि जन्मतारीख सक्तीची झाली.

इतक्या चुकांनंतर का होईना, ढाचा बदलायचा कसा, हे मात्र बर्मिंगहॅमकडून घेण्यासारखं आहे. डिसेंबर २०१४मध्ये सरकारने नेमलेले सनदी अधिकारी सर बॉब कर्सलेक यांचा अहवाल आला: दरवर्षीच्या निवडणुकांमुळे दूरचा निर्णय कोणी घेत नाही, चार वर्षांतून एकदा सगळ्या जागा लढवा आणि वॉर्ड लहान करा. त्यानंतर सीमा ठरवल्या त्या नगरपालिकेने नाही, मंत्र्याने नाही, स्वतंत्र सीमा आयोगाने. आधी नगरसेवक किती हवेत तो आकडा, मग कच्चा नकाशा, मग लोकांच्या हरकती, मग पक्का नकाशा, मग संसदेपुढे आदेश. १२०चे १०१ झाले. वॉर्ड ६९: ३७ एका सदस्याचे, ३२ दोन सदस्यांचे. जिथे दोन वस्त्या एकत्र आल्या तिथे नावंही जोडनावं झाली, 'बॉर्नव्हिल अँड कॉटरिज', 'ब्रँडवुड अँड किंग्ज हीथ'. याच नकाशावर २०१८ आणि २०२२ या दोन्ही निवडणुका झाल्या. लेबरला आधी ६७ जागा आणि मग ६५.

आता आपल्याकडचा हिशेब. पुण्यात २००२ला तीनचा प्रभाग, २००७ला एकाचा वॉर्ड, २०१२ला दोनचा, २०१७ला चारचा. आघाडी सरकारने आधी एकाचा ठरवला, मग तीनचा, आणि २०२२ला सरकार बदलताच पुन्हा चारचा. मुंबईच्या जागा २२७वरून २३६ आणि परत २२७. वॉर्ड एकाचा की चारचा हा प्रश्नच दुय्यम आहे. जो निवडणुकीत उतरणार तोच मैदानाची आखणी करतो, आणि दर खेपेला नव्याने करतो, हे दुखणं आहे. त्यातून आणि ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकज्ज्यांतून मार्च २०२२पासून जवळपास चार वर्षं पुण्या-मुंबईत प्रशासक बसला आणि एकही नगरसेवक नव्हता.

इथे माझी मान थोडी ताठ होते. बर्मिंगहॅम महापालिकेने ५ सप्टेंबर २०२३ला दिवाळखोरीची कलम ११४ नोटीस काढली, स्त्री-पुरुष समान वेतनाची थकबाकी ७६ कोटी पौंडांपर्यंत असल्याचा अंदाज दिला, सरकारने आयुक्त पाठवले. तरी १०१ नगरसेवक जागेवर राहिले आणि ७ मे २०२६ची निवडणूकही जागेवर राहिली. पण मान फार ताठ ठेवता येत नाही. मे २०२५मधल्या सरे, एसेक्ससह नऊ ठिकाणच्या निवडणुका सरकारने स्थानिक संस्थांच्या फेररचनेचं कारण देऊन पुढे ढकलल्या. आणि नव्या सुबक नकाशाने बर्मिंगहॅमला वाचवलं म्हणावं, तर २०२४ला कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) जवळजवळ १० टक्के वाढला आणि २०२५च्या मार्चपासून कचरा कामगारांच्या संपात काळ्या पिशव्या फुटपाथवर साचल्या.

एक तुलना मात्र सोयीची म्हणून नाही, खरी म्हणून करतो. पुण्यात प्रभागाला लोकसंख्या साधारण ८५ हजार, नगरसेवकामागे २१ हजार. बर्मिंगहॅममध्ये नगरसेवकामागे ११ हजार. उमेदवाराला अनामत रक्कम नाही. खर्चाची मर्यादा ९६० पौंड आणि वर मतदारामागे ८ पेन्स, म्हणजे दहा हजार मतदारांच्या वॉर्डात १,७६० पौंड, दोन लाखांच्या आसपास. पुण्यात कागदावर १५ लाख. कागदाबाहेरचं तुम्हाला ठाऊक आहे.

या सगळ्यात आपण कुठे बसतो, हा अवघड भाग. राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्याला, कायदेशीर व्हिसा असला की, इथे नगरपालिकेत मत देता येतं. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातल्या मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून तोच निळा पासपोर्ट चालतो. तो टाकून ब्रिटिश घेतला की भारतातलं मत कायमचं गेलं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत नाही. आणि ठेवला, तरी भारतातलं मत फक्त स्वतः हजर राहून देता येतं. तरीही कोथरूडच्या जुन्या पत्त्यावरचं नाव आपल्यापैकी अनेकांनी काढून टाकलेलं नाही, नियमाने तिथल्या रहिवाशांच्या यादीतून काढायला हवं हे माहीत असून. पुण्याच्या प्रभागावर तावातावाने लिहिणाऱ्यांतले निम्मे तर इथल्या यादीतही नाहीत, दोन्हीकडून बाहेर. ७ मे २०२६च्या निवडणुकीसाठी नाव नोंदवायची शेवटची तारीख २० एप्रिल. ऑनलाइन अर्जात नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी-करासाठी मिळणारा सरकारी नंबर) विचारतात, पाच मिनिटांचं काम.