हिब्रू एका रात्रीत नाही, शाळेच्या वर्गात उभी राहिली

भाषेवरून वाद पेटला की एक मेसेज हमखास फिरतो: ‘ज्यूंची हिब्रू भाषा दोन हजार वर्षं मेलेली होती. बेन-येहुदा नावाच्या एकाच माणसाने घरात मुलाशी बोलून ती जिवंत केली. 1948 मध्ये इस्रायल झाल्यावर सरकारने एका रात्रीत ती लागू केली आणि मग शाळेची पुस्तकं छापली.’ यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य दुरुस्त करावं लागतं.

‘मेलेली होती.’ रोजच्या बोलण्यातून ती गेली होती, हे खरं. वाचन-लेखन मात्र कधीच थांबलं नाही. प्रार्थना, धर्मशास्त्र, कविता, पत्रव्यवहार हिब्रूत चालूच होते. लांब कशाला, मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून लिहिलेलं हिब्रूचं व्याकरण मुंबईत 1832 मध्ये छापलं गेलं. ज्यूंच्या वल्हांडण सणाला वाचायची पोथी, हागादा, 1874 मध्ये पुण्यात हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतरासह निघाली.

‘पुस्तकं 1948 नंतर आली.’ ही सर्वांत मोठी चूक. मुलांसाठी ‘अवतल्योन’ हे हिब्रू वाचनपुस्तक बर्लिनमध्ये 1790 मध्येच निघालं होतं आणि पीटर बेअर यांचं ‘तोलदोत यिस्राएल’ हे इतिहासाचं पाठ्यपुस्तक 1796 मध्ये प्रागमध्ये. पॅलेस्टाइनमध्ये, म्हणजे जिथे पुढे इस्रायल झालं तिथे, रिशोन लेझियोन गावची हिब्रू शाळा 1886 ची. खुद्द बेन-येहुदांनी शाळेसाठी ज्यूंचा छोटा इतिहास लिहिला, तो 1892 मध्ये जेरुसलेममध्ये छापला गेला.

त्या पुस्तकाचं नुसतं शीर्षक बघा. ‘दिव्रे हयामीम’ म्हणजे शब्दशः ‘दिवसांच्या गोष्टी’. मराठी बायबलात ज्या ग्रंथाला ‘इतिहास’ म्हणतात, त्याचंच हे हिब्रू नाव. पुढे येतं ‘बेशिव्ताम अल अदमाताम’, म्हणजे ‘ते आपल्या भूमीवर वसत असताना’. विषयाची हद्द शीर्षकातच आखलेली आहे: स्वतःच्या देशातला काळ आत, परदेशातली शतकं बाहेर. झिख्रोन याकोव्ह गावच्या शाळेचे मुख्याध्यापक झेव यावेत्स यांनीही मुलांसाठी इतिहास लिहिला, पण त्यांची दृष्टी धर्मनिष्ठ होती. म्हणजे शालेय इतिहास कसा सांगायचा, हा वाद राज्य येण्याच्या निम्मं शतक आधीच सुरू होता.

हिब्रूतून शिकवायला इतिहास सोपा होता, कारण राजा, वेढा, नांगर, मंदिर हे शब्द बायबलात तयार होते. अडचण आली ती गणित आणि निसर्गशास्त्रात. तिथे शिक्षक स्वतःच शब्द घडवत, आणि एकाच वस्तूला दोन गावांत दोन नावं पडत. शिवाय मुलं घरी यिडिश, लादिनो या ज्यूंच्या इतर भाषा किंवा अरबी बोलत.

लिपीचीही अडचण होती. हिब्रूत सहसा व्यंजनंच लिहितात. आपण काना-मात्रा काढून टाकल्या तर घर, घेर, घोर तिन्ही ‘घर’ असेच दिसतील, तसंच ते. मोठा माणूस संदर्भाने ओळखतो, पण नवशिक्या मुलाला प्रत्येक अक्षराला स्वरखुणा, म्हणजे निकुद, लावलेलंच पुस्तक लागतं. छपाईत त्या खुणांची जुळणी किचकट. ज्या विषयाला पुस्तकच नसे, तो शिक्षक सांगत आणि मुलं वहीत उतरवून घेत.

‘एकाच माणसाने.’ बेन-येहुदांचा मुलगा 1882 चा, आणि तो हिब्रूतच वाढला, हे खरं. पण एका घराने भाषा चालत नाही. जेरुसलेमच्या शाळेत निसीम बेहार यांनी हिब्रूतूनच हिब्रू शिकवायची पद्धत रुजवली. येलिन, ग्राझोव्हस्की, युदेलोविच या शिक्षकांनी वर्ग चालवले, पुस्तकं लिहिली. सगळे विषय हिब्रूतून समजावून द्यायचे, असं शिक्षकांनी 1892 च्या बैठकीत ठरवलं. त्यांची संघटना 1903 मध्ये उभी राहिली.

‘एका रात्रीत.’ हैफा शहरातल्या नियोजित तंत्रशाळेत विज्ञान जर्मनमधून शिकवायचं ठरलं, तेव्हा 1913 मध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले. 1916 ते 1918 च्या गणतीत पॅलेस्टाइनमधल्या सुमारे 40 टक्के ज्यूंनी हिब्रू हीच आपली पहिली भाषा सांगितली. ब्रिटिश राजवटीत 1922 मध्ये इंग्रजी आणि अरबीबरोबर हिब्रूही अधिकृत भाषा झाली. 1948 उजाडलं तेव्हा या शाळांत शिकलेल्या मुलांची मुलं शाळेत जात होती.