माउस अडखळतो म्हणून लिनक्स पुन्हा टाकू नका

'लिनक्सवर वायरलेस माउस अडखळला की ड्रायव्हर (माउस चालवणारं सॉफ्टवेअर) गेला, सिस्टीम नव्याने टाका,' असा सल्ला सध्या फिरतोय. तो बहुतेक वेळा चुकीचा आहे. यूएसबी ३.०च्या पोर्टमधून आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मांडलंय. माउसचा रिसीव्हर (यूएसबीत लावतो तो छोटा तुकडा) नेमका त्याच पट्ट्यात ऐकतो. शेजारी लावलेली एक्सटर्नल हार्ड डिस्क काढून बघा, किंवा रिसीव्हर एक्स्टेन्शन केबलने लांब न्या. पॉइंटर सुधारला? मग ड्रायव्हर बिचारा निर्दोष.

थोडा वेळ हात काढल्यावरच माउस झोपत असेल, तर प्रकरण वेगळं: यूएसबी ऑटोसस्पेंड, म्हणजे वापरात नसलेलं यूएसबी उपकरण वीज वाचवायला आपोआप झोपवणं. पॉवरटॉप या वीज वाचवायच्या प्रोग्रामचा ऑटो-ट्यून, म्हणजे बचतीच्या सेटिंग्ज एकदम चालू करणारा पर्याय, चालवणाऱ्यांनी (वीज वाचवायची हौस!) आधी तिकडेच बघावं.