सेकंड्स आऊटबद्दल थोडं

जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडवरचा लेख छान आहे पण त्यातलं "गॅब्रिएल नाही म्हणजे जेनेसिसचा जीवच गेला" हे अजिबात पटलं नाही. 1975 ला गायक पीटर गॅब्रिएल बँड सोडून गेला हे खरं, पण 1977 चा सेकंड्स आऊट हा लाईव्ह अल्बम, म्हणजे बहुतेक सगळा पॅरिसच्या शोजमधला, नीट हेडफोन लावून ऐका हो एकदा. बँडचा ड्रमर फिल कॉलिन्स यात गातो म्हणून ड्रमवर चेस्टर थॉम्पसन, आणि जिथे गाणं नसेल तिथे कॉलिन्स मागे जाऊन दुसऱ्या ड्रमसेटवर बसतो, मग दोघं मिळून जे काही वाजवतात ना, अंगावर काटा येतो!! (सिनेमा शो हे गाणं मात्र 1976 चं रेकॉर्डिंग आहे, त्यात ड्रमवर बिल ब्रुफर्ड.)

मी यातलं सपर्स रेडी हे गाणं अंधेरीला स्लो लोकलमध्ये चढताना लावते, जवळपास 24 मिनिटांचं आहे, दादरपर्यंत पुरतं. त्यात तो नऊच्या मात्रांचा भाग आहे तिथे बोटं आपोआप खिडकीच्या गजावर चालायला लागतात. बाबा तबला वाजवतात, त्यांना ऐकवलं तर डोळे मिटून मांडीवर नऊ मोजत बसले, दोनदा समेवर चुकले आणि म्हणाले परत लाव गं पहिल्यापासून.

आणि गिटारिस्ट स्टीव्ह हॅकेटचा उल्लेखच नाही लेखात? या अल्बमचं मिक्सिंग चालू असतानाच तो बँड सोडून गेला, फर्थ ऑफ फिफ्थ या गाण्यातला त्याचा गिटार सोलो ऐकताना मला दरवेळी तेच आठवतं आणि गळा दाटून येतो.