परवडतं त्यांनाही मोफत कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यातला वैतागही खरा आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला लावत नाही.

गरोदरपणात मिळणाऱ्या मोफत तपासण्या आणि गोळ्यांबद्दल मी जे लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: नीट खाणाऱ्या बाईला गोळ्या लागतच नाहीत. ज्यांना परवडतं त्यांनाही फुकट देणं ही उधळपट्टी आहे. फुकटच्या गोळ्या हलक्या प्रतीच्या असतात आणि शेवटी कचऱ्यात जातात. तुमच्या बहिणीने मळमळीला कंटाळून लोहाच्या गोळ्या फेकल्याच. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय, की ती आता दुसऱ्या बाळाचा विचार करते आहे, तर तिने या सगळ्यातलं काय घ्यावं.

उधळपट्टीच्या आक्षेपापासून सुरू करते, कारण माझं तुमच्याशी खरं भांडण तिथेच आहे.

फॉलिक अ‍ॅसिडचं, म्हणजे गरोदरपणात दिल्या जाणाऱ्या एका ब जीवनसत्त्वाचं घ्या. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर सहावा आठवडा. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, आणि कित्येक जणींना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. त्या मुदतीत फॉलिक अ‍ॅसिड अंगात असेल तर उपयोग. नळी उघडी राहून गेली, तर नंतर कितीही गोळ्या घेतल्या तरी ती मिटत नाही. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. ज्यांच्या आधीच्या गर्भात हा दोष आढळला होता, अशा स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तेव्हा तो पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. फायदा इतका उघड होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

आता या दोन आठवड्यांच्या फटीत उत्पन्नाचा दाखला, अर्ज, छाननी आणि मंजुरी बसवून दाखवा. इंग्लंडमध्ये नेमकं हेच घडलेलं दिसतं. तिथे गरोदर स्त्रीला डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आणि दातांचे उपचार मोफत आहेत. तिची मिळकत कोणी विचारत नाही आणि बाळंतपणानंतरही वर्षभर ही सवलत राहते. मात्र त्याच देशात ‘हेल्दी स्टार्ट’ नावाच्या योजनेतून जी जीवनसत्त्वं मोफत मिळतात, ती ठरावीक सरकारी भत्ते घेणाऱ्या आणि १८ वर्षांखालच्या गरोदर स्त्रियांनाच, तीही दहावा आठवडा गाठल्यावर. त्या गोळीत फॉलिक अ‍ॅसिड आहे. दहाव्या आठवड्यात! स्कॉटलंडने २०१७ मध्ये ही चाळणी काढून टाकली आणि सगळ्याच गरोदर स्त्रियांना जीवनसत्त्वं मोफत द्यायला सुरुवात केली. माझ्या मते तेच शहाणपणाचं, पण उशिराचा प्रश्न त्यानेही पुरता सुटत नाही. म्हणून अमेरिकेने १९९८ पासून पिठासारख्या धान्याच्या पदार्थांतच फॉलिक अ‍ॅसिड मिसळणं सक्तीचं केलं. त्यात श्रीमंत-गरीब निवडत बसायची सोयच नाही, आणि त्याला कोणी उधळपट्टी म्हणताना मी ऐकलेलं नाही.

परवडणाऱ्यांना का, याचं आणखी एक उत्तर फिनलंडमध्ये सापडतं. तिथला बाळंतपणाचा प्रसिद्ध खोका, म्हणजे बाळाला लागणाऱ्या कपड्यालत्त्याचा सरकारी संच, १९३८ मध्ये फक्त कमी उत्पन्नाच्या मातांसाठी सुरू झाला. १९४९ पासून तो सगळ्यांना मिळू लागला, पण चौथा महिना संपायच्या आत तपासणी करून घ्यायची ही अट होती. खोका हे आमिष होतं. खरी गरज होती ती बाई वेळेत तपासणीच्या टेबलावर येण्याची. वाढलेला रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, लक्षणं न दाखवणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, सिफिलिस यांतलं काहीही पगार बघून येत नाही, आणि सुरुवातीला दुखतखुपतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणातल्या भेटींची शिफारस चारवरून आठवर नेली. पहिली भेट १२ आठवड्यांच्या आत व्हायला हवी. त्या पहिल्या भेटीला पैसे पडणार असतील, तर परवडणारी बाईसुद्धा ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणते.

आहाराचा मुद्दा. चौरस आहाराला पर्याय नाही, यात वाद नाहीच. पण हिशेब करून बघा. गरोदरपणात एकूण सुमारे १,००० मिलिग्रॅम जादा लोह लागतं: काही बाळाला आणि वारेला, त्याहून जास्त आईच्या स्वतःच्या वाढणाऱ्या रक्ताला. सुरुवातीला दिवसाला एखादा मिलिग्रॅम शोषला गेला तरी भागतं, शेवटच्या तिमाहीत ती गरज सहा-सात मिलिग्रॅमवर जाते. खाल्लेल्या लोहातला थोडाच भाग शरीर शोषतं, शाकाहारातला तर आणखी कमी. लोहाचा साठा आधीपासून भरलेला असेल तर निभावतं, पण तो तसा भरलेला असणाऱ्या स्त्रिया थोड्याच. फोलेटची, म्हणजे अन्नात नैसर्गिकरीत्या असणाऱ्या याच जीवनसत्त्वाचीही तीच तऱ्हा. हिरव्या भाज्यांमध्ये ते असतं, पण शिजवताना बरंच नष्ट होतं, आणि गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड भाजीतल्या फोलेटपेक्षा चांगलं शोषलं जातं.

आणि हा शोध मुळात आहारातूनच लागला, हे तुम्हाला आवडेल. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना जो जीवघेणा पंडुरोग (रक्तक्षय) होत होता, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. जंतू नाही, विष नाही, पोटात काहीतरी कमी पडतंय, असं तिच्या लक्षात आलं. यीस्टचा स्वस्तातला अर्क दिल्यावर त्या बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक अ‍ॅसिड. म्हणजे दोष ताटातलाच होता, तुमचं म्हणणं बरोबर. फक्त त्यांची मजुरी वाढून ताट भरेपर्यंत पोटातलं बाळ थांबणार नव्हतं.

गोळ्या कचऱ्यात जाण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. पाकीट हातात ठेवून ‘पुढच्या’ अशी हाक मारणं म्हणजे सेवा नव्हे. लोहाने मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, शौचाला काळी होते, हे आधी कोणी सांगितलं नाही, तर बाई घाबरून गोळ्या बंद करणारच. रात्री झोपताना किंवा जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. शोषण जरा घटतं, पण फेकलेल्या गोळीपेक्षा बरं. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी तिच्या आसपास नको, काही तासांचं अंतर हवं. रोजची गोळी सोसतच नसेल तर काही परिस्थितींत आठवड्यातून एकदा मोठा डोस देण्याची मुभा जागतिक आरोग्य संघटनेनेही दिली आहे, फक्त ते डॉक्टरांनी ठरवायचं. तुमच्या बहिणीला यातलं काही सांगितलं गेलं होतं का?

‘हलक्या प्रतीच्या’ हे मात्र पटत नाही. महागड्या डबीवर वीस घटकांची यादी असते म्हणून ती सरस ठरत नाही. क, ई आणि ब-६ या जीवनसत्त्वांच्या गोळ्या सगळ्या गरोदर स्त्रियांना सरसकट द्यायची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात जास्त झालं तर गर्भात व्यंग येऊ शकतं. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची साधी गोळी दिसायला गरीब असते, एवढंच.

आता बहिणीचं. मूल हवं असं ठरलं की गर्भनिरोधक थांबवण्याच्या दोन-तीन महिने आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, आणि ते बाराव्या आठवड्यापर्यंत. पहिल्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असेल, तिला मधुमेह असेल किंवा फेफऱ्याचं औषध चालू असेल, तर हा डोस पुरत नाही. तो दहापट किंवा त्याहूनही जास्त लागू शकतो आणि डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावा लागतो. साध्या मल्टिव्हिटॅमिनच्या दहा गोळ्या खाऊन तो भरून काढू नये, कारण वर सांगितलेलं अ जीवनसत्त्व. फेफऱ्याचं औषध तर स्वतःच्या मनाने मुळीच बंद करायचं नाही. लोहासाठी दिवस जाण्याची वाट न बघता हिमोग्लोबिन आत्ताच तपासून घ्यायला सांगा, आणि कमी निघालं तर मागच्या वेळची मळमळ डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायला सांगा.