लिहितेय म्हणजे रिकामी नाहीये मी

दिवाळी अंकाला कथा पाठवायची म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, आणि नेमका तेव्हाच श्रावण, मग सोमवारचे उपास, मंगळागौर, पाठोपाठ गणपती, म्हणजे १९०९ पासून दिवाळी अंक निघतायत तर एवढ्या वर्षांत बायकांनी लिहिलं तरी कधी हा प्रश्न मला खरंच पडतो.

बरं, घरात कोणी नाही म्हणत नाही हां. "लिही की, कोण अडवतंय?" असंच म्हणतात. आणि मी फोनवर टाइप करायला बसले रे बसले की "मोबाईलच बघतेयस ना, मग तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद कर जरा." आता शिट्ट्या मोजत संवाद कसे लिहायचे सांगा! नायिका घर सोडून निघालीये, दाराच्या कडीला हात लावलाय, आणि माझा जीव ही दुसरी होती की तिसरी यात अडकलेला. तेवढ्यात बेल. कुरियर, तेही शेजारच्यांचं. ती बिचारी आठवडाभर कडीला हात लावून उभी आहे.

नवऱ्याने लॅपटॉप उघडला की मात्र अख्खं घर कुजबुजत बोलतं, कॉल चालू आहे म्हणे. मागून डोकावले तर क्रिकेटचा स्कोअर! पण ते काम.

आणि "पहाटे पाचला उठून लिहीत जा" म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे याच. पाचला पाणी येतं आमच्याकडे, तेही पाऊणच तास.